पहिल्या लॉगिनपासून पहिल्या पाठापर्यंत : शहापूर-मुरबाडमधील शिक्षक आणि ऑनलाइन अध्यापनाची सुरुवात

ऑनलाइन मंचाशी शिक्षकाचा संबंध दोन नात्यांनी येतो. ‘दीक्षा’सारख्या मंचावर तो प्रशिक्षणार्थी असतो : अभ्यासक्रमाला नाव नोंदवतो, चित्रफिती पाहतो, चाचणी सोडवतो, प्रमाणपत्र घेतो. गूगल क्लासरूम, मूडल किंवा वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप गट यांवर तो शिकवणारा असतो : पाठ तयार करतो, पाठवतो, उत्तरे तपासतो आणि मागे पडलेले मूल शोधून काढतो. पहिले नाते जमले म्हणजे दुसरे आपोआप जमते असे नाही. डझनभर प्रमाणपत्रे हाती असलेला शिक्षकही स्वतःचा पहिला ऑनलाइन पाठ तयार करताना अडखळू शकतो, कारण पाहण्याची सवय आणि घडवण्याचे कसब या वेगळ्या गोष्टी आहेत. नव्या शिक्षकाला मदत करायची म्हणजे हे अंतर पार करायला त्याला हात द्यायचा. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांत हा प्रश्न विशेष स्पष्ट दिसतो. इथे मंच राज्याचा किंवा देशाचा असतो, पण अडलेल्या शिक्षकाला खरा आधार मिळतो तो पाच-सात किलोमीटरवरच्या केंद्रशाळेत, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या मुख्य शाळेत.

दोन तालुक्यांची परिस्थिती

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला आणि ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात शहापूर, मुरबाड, भिवंडी, कल्याण व अंबरनाथ हे पाच तालुके राहिले. त्यांपैकी शेवटचे तीन वाढत्या शहरांना लागून आहेत. डोंगरी आणि आदिवासी वस्तीचा मोठा पट्टा शहापूर-मुरबाडमध्येच येतो. शहापूर तालुका संपूर्णपणे आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी आणि वारली यांचे पाडे डोंगरउतारांवर व जंगलकडेला विखुरलेले आहेत आणि पाड्यागणिक एकशिक्षकी किंवा द्विशिक्षकी शाळा आढळते.

दळणवळणाच्या बाबतीत दोन्ही तालुक्यांत फरक आहे. शहापूरमधून मध्य रेल्वे आणि मुंबई-नाशिक महामार्ग जातो. वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा या स्थानकांच्या आसपास मोबाइलचे जाळे बऱ्यापैकी मिळते. डोळखांब किंवा साकडबावच्या बाजूला आत शिरले की ते विरळ होत जाते. मुरबाडला रेल्वे नाही. कल्याणहून नगरकडे जाणारा रस्ता सरळगाव, टोकावडे करत माळशेज घाटाला भिडतो आणि या रस्त्यापासून दूर, सह्याद्रीच्या पायथ्याच्या खोलगट भागात फोन हातात धरून उंचवटा शोधावा लागतो. पावसाळ्यात वीज जाते, तिच्यामागोमाग मनोऱ्याची बॅटरीही उतरते.

अनेक शिक्षक शहापूर, मुरबाड, बदलापूर किंवा कल्याण येथे राहून शाळेला ये-जा करतात. त्यामुळे नेटवर्क घरी असते आणि मुले शाळेत. ऑनलाइन अध्यापनाची इथली बहुतेक गणिते या एका वस्तुस्थितीवरून मांडावी लागतात.

आधीची वाटचाल

समोर नसलेल्या विद्यार्थ्याला शिकवण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झाले. स्वयंअध्ययनाची पुस्तके आणि अभ्यासकेंद्रावरचे संमंत्रक ही त्याची घडी सेवेतील अनेक शिक्षकांनी बी.एड. करताना स्वतः अनुभवली. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने शिक्षकांना संगणकासमोर बसवले. शासकीय सेवेत ही संगणक अर्हता वेतनवाढीशी जोडली गेल्यामुळे ती मिळवणे भाग पडले. परंतु त्या शिक्षणाचा वर्गातल्या अध्यापनाशी थेट संबंध नव्हता.

तो संबंध जोडणारा एक ठळक प्रयोग शहापूर तालुक्यातच झाला. पष्टेपाडा येथील जिल्हा परिषद शाळेत शिक्षक संदीप गुंड यांनी लोकसहभागातून आणि कमी खर्चाच्या साधनांतून डिजिटल वर्ग उभा केला. टॅब्लेट आणि स्पर्शाने चालणारा फळा यांवर पाड्यावरची मुले शिकू लागली. ही शाळा ‘डिजिटल शाळा’ म्हणून राज्यभर ओळखली गेली आणि ती पाहायला, तिथले तंत्र शिकून घ्यायला इतर ठिकाणचे शिक्षक येऊ लागले. आपल्यासारख्याच पगारावर, आपल्यासारख्याच शाळेत काम करणारा शिक्षक हे करून दाखवतो, हे पाहून मिळणारा भरवसा परिपत्रकातून मिळत नाही.

२२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला. त्या काळात ‘तंत्रस्नेही शिक्षक’ ही ओळख रूढ झाली, तालुक्यातालुक्यांत त्यांच्या कार्यशाळा झाल्या आणि ‘शिक्षणाची वारी’ या उपक्रमातून शिक्षकांनीच शिक्षकांना आपले प्रयोग दाखवले. ५ सप्टेंबर २०१७ रोजी ‘दीक्षा’ हा राष्ट्रीय मंच सुरू झाला. पुढे बालभारतीच्या पुस्तकांत पाठाशेजारी क्यूआर कोड आले. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी आपल्या वर्गात आधीपासून असे कोड वापरले होते. २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला तेव्हा या कामाचा मुख्यत्वे उल्लेख झाला.

कोरोनाच्या साथीमुळे मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि तोवर ऐच्छिक असलेली गोष्ट सक्तीची झाली. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या नावाने रोजची अभ्यासमाला पाठवायला सुरुवात केली. जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ मालिका लागली. ऑगस्टमध्ये राज्याने गूगल क्लासरूम व मीट यांची खाती शिक्षक-विद्यार्थ्यांना देण्याची घोषणा केली आणि वर्षअखेरीस व्हॉट्सअ‍ॅपवरील ‘स्वाध्याय’ चाचण्या आल्या. २०१९ मध्ये समोरासमोर सुरू झालेले शिक्षकांचे ‘निष्ठा’ प्रशिक्षण ऑक्टोबर २०२० पासून अठरा भागांत ‘दीक्षा’वर आले. ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग पुन्हा भरले ते १ डिसेंबर २०२१ पासून. शाळा उघडल्या तरी ऑनलाइन प्रशिक्षणे थांबली नाहीत. २०२२ मध्ये वरिष्ठ व निवड श्रेणीसाठी लागणारे प्रशिक्षण इन्फोसिस स्प्रिंगबोर्ड या मंचावर झाले, म्हणजे बारा किंवा चोवीस वर्षे सेवा झालेल्या शिक्षकांनाही नव्या मंचावर नव्याने सुरुवात करावी लागली.

नवा शिक्षक म्हणजे कोण

मदतीची आखणी करताना ‘नवा’ या शब्दाखाली वेगवेगळ्या गरजांची माणसे एकत्र येतात. पहिला गट शिक्षणसेवकांचा, म्हणजे नव्याने नेमलेल्या शिक्षकांचा. शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरून निवड होऊन मराठवाड्यातून किंवा पश्चिम महाराष्ट्रातून आलेला हा तरुण फोनवर सफाईने वावरतो. निवडीसाठीची त्याची अभियोग्यता चाचणीही ऑनलाइनच झालेली असते. त्याला अडते ते अध्यापनात : बहुवर्ग अध्यापन, पाड्यावरची बोली आणि मुलांची पातळी यांचा अंदाज नसताना तो तयार चित्रफितींवर विसंबतो.

दुसरा गट पंचवीस वर्षे फळ्यावर शिकवलेल्या शिक्षकांचा. कोणते मूल कुठे चुकते हे त्यांना नेमके ठाऊक असते. त्यांची भीती खात्याची, पासवर्डची आणि ‘काहीतरी पुसले जाईल’ याची असते. तिसरा गट तात्पुरत्या नेमणुकांचा. जुलै २०२३ मध्ये रिक्त जागांवर निवृत्त शिक्षक मानधनावर घेण्याचा निर्णय झाला, त्यातून असे काही शिक्षक वर्गात परतले. चौथा गट शिकवायला मदत करणाऱ्या गावातल्या तरुणांचा. टाळेबंदीत ओट्यावर, समाजमंदिरात मुलांना एकत्र बसवणारे हेच होते, पण त्यांना मंचावर शिक्षक म्हणून खाते नसते.

चारही गटांना एकाच सभागृहात एकच सादरीकरण दाखवले तर पहिल्याला कंटाळा येतो आणि दुसऱ्याच्या हाती काही लागत नाही. शिक्षणसेवक आणि ज्येष्ठ शिक्षक यांची जोडी लावणे हा यावरचा साधा उपाय आहे. एकाने साधन हाताळावे, दुसऱ्याने पाठ ठरवावा. मात्र या जोडीत फोन कायम तरुणाच्याच हातात राहिला तर ज्येष्ठ शिक्षक शिकत नाही. म्हणून निदान दुसऱ्या पाठापासून हातांची अदलाबदल ठरवून करावी लागते.

खाते, ओटीपी आणि नाव

सुरुवातीच्या अडचणींत अध्यापनाशी काडीचा संबंध नसलेल्या अडचणी सर्वांत जास्त वेळ खातात. खाते उघडताना मोबाइलवर येणारा ओटीपी ठरावीक मिनिटांत भरावा लागतो. जिथे रेंज येते-जाते तिथे तो मुदत संपल्यावर पोहोचतो. दोन-तीनदा असे झाले की शिक्षक दुसऱ्या मार्गाने, म्हणजे गूगलच्या ई-मेलने, आत जातो आणि त्याची दोन खाती तयार होतात. अर्धा अभ्यासक्रम एका खात्यात, अर्धा दुसऱ्यात. प्रगती कुठल्याच खात्यावर शंभर टक्के दिसत नाही. प्रमाणपत्र न मिळाल्याच्या तक्रारीचे मूळ अनेकदा इथे सापडते.

नावाचेही तसेच. प्रमाणपत्रावर प्रोफाइलमधले नाव छापले जाते. घाईत टोपणनाव किंवा नुसते पहिले नाव भरले असेल, तर ते वेतनाच्या शालार्थ प्रणालीतील आणि सेवापुस्तकातील नावाशी जुळत नाही. ई-मेलमध्ये एका अक्षराची चूक झाली की सूचना भलत्याच पत्त्यावर जातात. ही कामे आधी पूर्ण करून घेण्यासाठी पहिल्या सत्रात नवे काहीही शिकवू नये. प्रत्येकाने स्वतःचा मोबाइल क्रमांक चालू आहे का, ई-मेल कोणता, नाव शालार्थप्रमाणे आहे का आणि आधी खाते उघडले होते का, एवढेच तपासावे. ते वहीत लिहून ठेवावे. पासवर्ड मात्र लिहिलेला कागद केंद्रशाळेच्या टेबलावर राहणार नाही याची काळजी घ्यावी. पंचवीस शिक्षकांच्या गटाला एवढ्या तपासणीलाच एक पूर्ण सत्र लागते आणि ते वाया गेलेले सत्र नसते.

घरी ऑनलाइन, शाळेत ऑफलाइन

नेटवर्क घरी आणि मुले शाळेत, या परिस्थितीला जुळेल अशी कामाची पद्धत नव्या शिक्षकाला खाते उघडल्यावर लगेच, दुसऱ्या आठवड्यातच दाखवावी लागते. ‘दीक्षा’ अ‍ॅपमध्ये साहित्य फोनवर उतरवून घेता येते आणि नंतर जाळ्याविना चालवता येते. शिक्षकाने आदल्या रात्री दुसऱ्या दिवशीचा पाठ उतरवावा, शाळेत तो दाखवावा आणि परतीच्या वाटेवर रेंज मिळाली की प्रगतीची नोंद पोहोचू द्यावी. अभ्यासक्रम पूर्ण करूनही टक्केवारी अडकून राहिली असेल तर अ‍ॅपमध्ये प्रगती स्वतःहून पाठवण्याचा पर्याय असतो. तो कुठे आहे हे एकदा दाखवले की अशा तक्रारी कमी होतात. उतरवलेले साहित्य एका फोनवरून दुसऱ्या फोनवर फाइलच्या रूपातही देता येते. केंद्रातल्या एकाने डेटा खर्च करून उतरवले की बाकीच्यांना तो पुन्हा खर्च करावा लागत नाही.

क्यूआर कोडबाबत एक बारीक गोष्ट अनेकांना माहीत नसते. पुस्तकावरच्या कोडच्या चौकोनाखाली सहा अक्षर-अंकांचा संकेत छापलेला असतो. कॅमेऱ्याला ओरखडे पडले असतील, पान दुमडले असेल किंवा वर्गात उजेड कमी असेल, तर तो संकेत हाताने टाइप करून त्याच साहित्यापर्यंत पोहोचता येते. कौलारू, अंधारलेल्या वर्गखोलीत ही माहिती नव्या स्मार्टफोनइतकी मोलाची ठरते.

पहिला पाठ

शिक्षक पाहणारा न राहता घडवणारा होतो तो इथे. पहिला पाठ छोटा असावा. तीन-चार मिनिटे, एकच संकल्पना, एकच उदाहरण आणि शेवटी मुलाने वहीत करायचे एक काम, एवढा आराखडा पुरेसा होतो. हातच्याची वजाबाकी, जोडशब्द, दिशांची ओळख असे विषय यासाठी सोयीचे. पंचेचाळीस मिनिटांचा तास जसाच्या तसा ध्वनिचित्रित करण्याचा मोह टाळावा. तशी फाइल मोठी होते, पालकाचा डेटा संपतो आणि ती शेवटपर्यंत कोणी पाहत नाही. केंद्र शासनाच्या जुलै २०२० च्या ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक सूचनांनीही पहिली ते आठवीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची जास्तीत जास्त दोनच ऑनलाइन सत्रे सुचवली होती.

ध्वनिचित्रणाची तयारी वर्गातल्याच वस्तूंनी होते. बाकावर पुस्तकांचा ढीग करून त्यावर फोन आडवा ठेवायचा, भिंगाखाली वही किंवा पाटी ठेवायची आणि हात व लिखाण एवढेच दिसू द्यायचे. चेहरा दाखवलाच पाहिजे असे नाही. संकोचामुळे पहिला पाठ लांबणीवर टाकणाऱ्यांना ही सवलत फार उपयोगी पडते. उजेड खिडकीकडून यावा, पाठीमागून नको. पंखा बंद करावा. पत्र्याच्या छपरावर पाऊस वाजत असेल तर चित्रण पुढे ढकलावे, कारण त्या आवाजात शब्द ऐकू येत नाहीत. दोनदा चुकले तरी तिसऱ्यांदा पूर्ण चित्रण न करता चूक बोलून दुरुस्त करून पुढे जावे. वर्गातही शिक्षक तेच करतो.

लेखी साहित्यात अडसर येतो तो जुन्या फॉन्टचा. अनेक शिक्षकांकडे वर्षानुवर्षांच्या प्रश्नपत्रिका श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये जपलेल्या असतात. त्या मंचावर चिकटवल्या की अनाकलनीय चिन्हे उमटतात, कारण मंचांना युनिकोड लागते. परिवर्तक वापरून त्या बदलता येतात, पण रूपांतरानंतर रफार, जोडाक्षरे आणि ऱ्हस्व-दीर्घ वाचून तपासावे लागतात. नव्याने लिहिताना फोनच्या कळफलकावरील बोलून टाइप करण्याची सोय वेळ वाचवते. तिने ‘दीन’ आणि ‘दिन’ यांची गल्लत केली तर ती दुरुस्त करणे शिक्षकाकडेच राहते.

चाचणी आणि उत्तरे

पाठानंतर बहुतेक शिक्षक गूगल फॉर्मची चाचणी तयार करायला शिकतात, कारण गुण आपोआप पडतात. इथे मराठी माध्यमाच्या शिक्षकाला एक खास खाचखळगा लागतो. लघुउत्तरी प्रश्नाचे उत्तर आधी भरून ठेवलेल्या उत्तराशी तंतोतंत जुळले तरच प्रणाली गुण देते. शिक्षकाने उत्तर देवनागरी अंकांत भरले असेल आणि मुलाच्या फोनच्या कळफलकावर इंग्रजी अंक असतील, तर बरोबर आलेले गणित चूक ठरते. ‘पृथ्वी’च्या पुढे एक मोकळी जागा पडली किंवा शेवटचा इकार ऱ्हस्व झाला तरी तेच. मुलाला शून्य दिसते आणि ते शून्य कशाबद्दल हे त्याला कळत नाही.

यावर तीन उपाय आहेत : मान्य उत्तरांत सर्व संभाव्य रूपे भरून ठेवणे, सुरुवातीला बहुपर्यायी प्रश्नच देणे आणि लघुउत्तरी प्रश्न स्वतः तपासणे. नव्या शिक्षकाने पहिली चाचणी मुलांना पाठवण्याआधी ती स्वतः विद्यार्थी बनून एकदा सोडवावी, हा नियम केंद्रपातळीवर घालून दिला तर बहुतेक चुका तिथेच सापडतात. आपोआप पडलेल्या गुणांपेक्षा कोणत्या प्रश्नाला कोणता चुकीचा पर्याय जास्त मुलांनी निवडला, हा तक्ता अधिक कामाचा असतो. दुसऱ्या दिवशी वर्गात काय पुन्हा शिकवायचे ते त्यावरून ठरते.

मुलांपर्यंत पोहोचणे

शिक्षणस्थितीच्या ‘असर’ सर्वेक्षणानुसार देशाच्या ग्रामीण भागात शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी ज्यांच्या घरी स्मार्टफोन आहे अशांचे प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते. २०२० मध्ये ते ६१.८ आणि २०२१ मध्ये ६७.६ टक्के झाले. मात्र २०२१ मध्ये स्मार्टफोन असलेल्या घरांतल्या सुमारे चतुर्थांश मुलांना तो अभ्यासासाठी मिळतच नव्हता. फोन घरात असणे आणि तो मुलाच्या हातात असणे यांतला हा फरक पाड्यावर रोज दिसतो. फोन वडिलांचा असतो. ते सकाळी आसनगावच्या कारखान्यात किंवा मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जातात आणि रात्री परततात. म्हणून सकाळी दहाला पाठवलेला पाठ रात्री आठनंतर उघडला जाणार, हे गृहीत धरूनच वेळापत्रक करावे लागते. थेट वर्ग घेण्यापेक्षा केव्हाही पाहता येईल असा पाठ इथे जास्त मुलांपर्यंत जातो.

कातकरी कुटुंबांचा प्रश्न आणखी वेगळा आहे. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर स्थलांतर करतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. स्थलांतरित मुलांसाठी राज्यात शिक्षण हमी कार्डाची व्यवस्था आहे. मूल जाईल तिथल्या शाळेत त्याने बसावे आणि त्याची पातळी नव्या शिक्षकाला कळावी, हा तिचा हेतू. ऑनलाइन पाठ या व्यवस्थेला पूरक ठरू शकतो, पण तिची जागा घेऊ शकत नाही. टाळेबंदीत आदिवासी विकास विभागाने आश्रमशाळांच्या मुलांसाठी ‘अनलॉक लर्निंग’ उपक्रमात छापील कृतिपुस्तिका वाटल्या, त्यामागेही हीच जाण होती. त्यामुळे या भागात नव्या शिक्षकाला मंच शिकवताना दर पाठाची कागदी जोडही तयार करायला शिकवणे आवश्यक ठरते : फोन नसलेल्या मुलासाठी तोच पाठ एका पानावर.

बोलीचा मुद्दा त्याला लागूनच येतो. पहिलीतल्या ठाकूर किंवा कातकरी मुलाला पुस्तकी मराठी परकी वाटते. राज्यभरासाठी तयार केलेली चित्रफीत त्याच्यासाठी वेगाने आणि अनोळखी शब्दांत बोलते. स्थानिक शिक्षकाने किंवा गावातल्या तरुणाने बोलीत सांगितलेला दोन मिनिटांचा ध्वनिपाठ अशा वेळी अधिक उपयोगी ठरतो, शिवाय त्याला डेटाही कमी लागतो.

प्रशिक्षणाच्या पद्धती

शिक्षकांना तयार करण्याच्या चार पद्धती प्रचलित आहेत. पहिली धबधबा पद्धत : राज्यस्तरावर तज्ज्ञ प्रशिक्षित होतात, ते जिल्ह्याला, जिल्हा तालुक्याला आणि तालुका केंद्राला शिकवतो. थोड्या दिवसांत सर्वांपर्यंत निरोप पोहोचतो. पण प्रत्येक पायरीवर प्रात्यक्षिक गळते आणि शेवटी सादरीकरणाच्या स्लाइड उरतात. दुसरी पद्धत मंचावरच्या अभ्यासक्रमाची. मजकूर सर्वांना सारखा मिळतो, शिक्षक सवडीने शिकतो; शंका मात्र विचारायला कोणी नसते. तिसरी पद्धत केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेची. केंद्रप्रमुखांच्या देखरेखीखाली एका केंद्रातले शिक्षक ठरावीक दिवशी एकत्र येतात, तिथे एखादा तंत्रस्नेही शिक्षक प्रत्यक्ष करून दाखवतो. चौथी पद्धत अनौपचारिक : केंद्राचा व्हॉट्सअ‍ॅप गट, शेजारच्या शाळेतल्या सरांना किंवा मॅडमना केलेला फोन, स्क्रीनचा फोटो पाठवून विचारलेला प्रश्न.

या चारही पद्धतींची तुलना करताना अंतर आणि वेळ हे दोन निकष कामी येतात. अडचण आल्यापासून उत्तर मिळेपर्यंत जितका कमी वेळ, तितकी शिक्षकाने पुन्हा प्रयत्न करण्याची शक्यता जास्त. या कसोटीवर तिसरी आणि चौथी पद्धत उजवी ठरते. पहिल्या दोन पद्धती त्यांना मजकूर पुरवण्यासाठी उपयोगी आहेत. गट साधन केंद्रातील साधनव्यक्ती आणि जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेचे अधिव्याख्याते यांनी स्वतः सर्व शाळांना शिकवण्याचा प्रयत्न न करता प्रत्येक केंद्रात एक-दोन तयार माणसे ठेवली, तर ही साखळी टिकते. तिचा कच्चा दुवा बदली आहे : दुर्गम म्हणून नोंदलेल्या ‘अवघड क्षेत्रा’तला तयार शिक्षक बदलून गेला की केंद्र पुन्हा कोरे होते. म्हणून दोघांना एकत्र तयार करणे आणि स्थानिक सूचना मराठीत, स्क्रीनच्या चित्रांसह, दोन पानांत लिहून ठेवणे गरजेचे असते.

जगभरच्या अनुभवाचा कलही याच बाजूला आहे. ब्रिटनमधील शिक्षणतज्ज्ञ गिली सॅमन यांनी २००० मध्ये मांडलेल्या पाच टप्प्यांच्या प्रतिमानात पहिले दोन टप्पे आहेत प्रवेश व प्रेरणा आणि परस्परांशी ओळख. माहितीची देवाणघेवाण त्यानंतर येते. आधी आत येता आले पाहिजे, मग सोबत कोण आहे ते कळले पाहिजे, मग शिकणे. मूडल हा जगभर वापरला जाणारा मुक्त मंच तयार करणारे मार्टिन डुगियामस पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी भागात वाढले आणि लहानपणी ‘स्कूल ऑफ द एअर’ या रेडिओवरच्या शाळेतून शिकले. त्या शाळेतही रेडिओच्या पलीकडे नाव घेऊन बोलणारा शिक्षक होता. दूरच्या शिक्षणाचे तंत्र बदलले तरी प्रश्नाला उत्तर देणाऱ्या माणसाची गरज बदललेली नाही.

प्रमाणपत्र आणि त्यापलीकडे

ऑनलाइन प्रशिक्षणाचे यश सहसा पूर्ण झालेल्या नोंदींवरून मोजले जाते. ‘निष्ठा’मध्ये अंतिम चाचणीत ७० टक्के गुण मिळाल्यावर प्रमाणपत्र मिळते. मुदतीचा तगादा, टक्केवारीच्या याद्या आणि रोज येणाऱ्या लिंका यांमुळे प्रशिक्षण हे ‘भरून टाकायचे’ काम बनते; चित्रफीत चालू ठेवून बाजूला दुसरे काम होते, चाचणीची उत्तरे गटावर फिरतात. यात दोष केवळ शिक्षकाचा नसतो. अनेक पोर्टलवर माहिती भरण्याचा भार आणि एकशिक्षकी शाळेचा व्याप यांतून तो मार्ग निघतो.

प्रमाणपत्राच्या जोडीला एक छोटा पुरावा मागितला तर चित्र बदलू शकते : शिक्षकाने तयार केलेला एक पाठ, त्यावर मुलांनी केलेले काम आणि शिक्षण परिषदेत त्यावर झालेली चर्चा. याद्या त्यामुळे लहान होतील, पण शिकवण्यात काय बदलले ते दिसेल.

मुलांची माहिती आणि शिक्षकाचा खासगी वेळ

नव्या शिक्षकाला दोन मर्यादा सुरुवातीलाच सांगाव्या लागतात. पहिली मुलांच्या माहितीची. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलाची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळण्याजोगी संमती घेण्याची तरतूद आहे. मुलांचे चेहरे दिसणाऱ्या चित्रफिती खुल्या संकेतस्थळावर टाकणे, गुणांची यादी पूर्ण नावांसह गटावर पाठवणे, पालकांचे क्रमांक अनोळखी लिंकवर भरणे या सवयी सुरुवातीलाच टाळल्या पाहिजेत. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात आयांचे क्रमांक सर्वांना दिसतात, हेही लक्षात घ्यावे. सूचनांपुरता, फक्त प्रशासकाला लिहिता येईल असा गट ठेवून उत्तरे वैयक्तिक मागवणे अधिक बरे. क्रमांकांची अडचण त्यानेही पूर्ण सुटत नाही, म्हणून पालकांना आधी विचारावे.

दुसरी मर्यादा वेळेची. पालक रात्री फोन उघडतात म्हणून शिक्षकाने रात्री अकरापर्यंत उत्तरे देणे अपेक्षित नाही. शंका विचारण्याची वेळ ठरवून ती पालकसभेत सांगितली की दोन्ही बाजूंना सोयीचे होते.

मदतीचा क्रम

वरील सर्व बाबी एकत्र केल्या तर शहापूर-मुरबाडसारख्या भागासाठी पहिल्या महिन्याचा क्रम असा उभा राहतो. पहिल्या आठवड्यात फक्त खाते : क्रमांक, ई-मेल, शालार्थप्रमाणे नाव आणि जुन्या खात्यांचा निपटारा. दुसऱ्या आठवड्यात तयार साहित्य वापरणे : उतरवणे, जाळ्याविना चालवणे, क्यूआर कोड आणि त्याखालचा संकेत. तिसऱ्या आठवड्यात स्वतःचा तीन मिनिटांचा एक पाठ आणि त्याची कागदी जोड. चौथ्या आठवड्यात पाच प्रश्नांची एक चाचणी, आधी स्वतः सोडवून मग मुलांना, आणि तिच्या निकालावरून वर्गात घेतलेला एक उजळणीचा तास. प्रत्येक टप्प्यावर केंद्रातील एक ठरलेली व्यक्ती, तिचा फोन आणि तिची वेळ शिक्षकाला माहीत असावी. त्या व्यक्तीच्या कामाची नोंद प्रशिक्षण म्हणून व्हावी, उपकार म्हणून नव्हे.

हा क्रम महागडा नाही. त्याला लागतात चालू अवस्थेतील एक-दोन लॅपटॉप, केंद्रशाळेत भरवशाचे इंटरनेट, शिक्षण परिषदेच्या वेळापत्रकात प्रात्यक्षिकासाठी राखलेला तास आणि अवघड क्षेत्रात तयार माणूस टिकवणारे बदलीचे धोरण. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी लोकसहभागातून उभ्या राहू शकतात, हे पष्टेपाड्याने दाखवले आहे. उरलेल्या दोन प्रशासनाच्या हातात आहेत आणि त्या झाल्याशिवाय प्रत्येक नव्या मंचाबरोबर प्रशिक्षणाची सुरुवात पुन्हा पहिल्या ओटीपीपासून करावी लागेल.